न आवळणारा फास : लूरच्या गाठींवरील पुस्तकाची प्रस्तावना

विहिरीत तांब्या सोडताना त्याच्या गळ्याला आपण जो फास घालतो, तो ओढ बसली की आवळतो. आवळला नाही तर तांब्या तळाला जातो. गोठ्यात वासराच्या गळ्यात दावे बांधताना मात्र हा फास चालत नाही. तिथे गाठ अशी मारावी लागते, की वासराने कितीही हिसके दिले तरी गळ्याभोवतीचा वेढा जेवढा ठेवला तेवढाच राहील. वासरू मान फिरवते, पाठ चाटते, चारा खाते. सुटत नाही आणि गुदमरतही नाही. ज्याने गुरे बांधली आहेत त्याच्या हाताला हा फरक पक्का ठाऊक असतो, मग त्या गाठीला नाव असो वा नसो.

हे पुस्तक या दुसऱ्या प्रकारच्या फासाचे आहे. फक्त इथे दाव्याच्या जागी नायलॉनचा पारदर्शक दोरा आहे आणि वासराच्या जागी आहे लूर, म्हणजे माशाला भुलवणारे खोटे आमिष. लाकूड, प्लास्टिक, शिसे किंवा मऊ रबरासारख्या पदार्थाची ही मासोळी किंवा कोळंबी. खऱ्या आमिषाला वास असतो, चव असते, ते नुसते पडून राहिले तरी मासा त्याच्याकडे येतो. बहुतेक लूरकडे भांडवल एकच, ते म्हणजे हालचाल. ती डुलली, थरथरली, कुशीवर कलली तरच मासा फसतो. म्हणून तिला बांधणाऱ्या गाठीकडून दोन गोष्टी लागतात, आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध वाटतात. गाठीने लूर घट्ट धरायची आणि लूरला मोकळे सोडायचे. या दोन्ही गोष्टी एका गाठीत बसवण्याच्या प्रयत्नातून खुल्या फासाच्या गाठी जन्माला आल्या.

मला हा विषय कळला तो एका हानीतून. रेवदंड्याला कुंडलिकेच्या खाडीत संध्याकाळी भरती चढत असताना मी लूर टाकत होतो. अंधारत आले होते, लूर बदलली होती, आणि गाठ मारताना माझे लक्ष हातांपेक्षा पाण्याकडे जास्त होते. तिसऱ्याच फेकीला कांदळवनाच्या कडेला ‘डब्ब’ असा पोकळ आवाज झाला. जिताडा तोंड उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो तेव्हा असाच आवाज येतो. काठी वाकली, मासा एकदा पाण्याबाहेर आला, डोके झटकले, आणि दोरा सैल पडला. शेजारी होडी लावत असलेल्या एका वयस्कर नाखव्याने माझ्या हातातले दोऱ्याचे टोक चिमटीत धरून कंदिलाजवळ नेले. टोक स्प्रिंगसारखे कुरळे झाले होते. “तुटला नाय हा,” ते म्हणाले, “सुटलाय.” मग थोडे थांबून त्यांनी विचारले, “आता त्याच्या तोंडात काय रायला?”

त्या टोकाने मला पहिला धडा दिला. मासा गेल्यावर दोऱ्याचे टोक वाचता आले पाहिजे. टोक खरवडलेले, पांढुरके दिसले तर दोरा खडकाला, कालवांना किंवा माशाच्या कल्ल्याच्या धारेला घासला. गाठीशी तटकन तुटले असेल तर ओढ दोऱ्याच्या ताकदीबाहेर गेली, किंवा आवळताना गाठ भाजली. कुरळे आले तर गाठ सरकत सरकत उलगडली, आणि तो दोष सर्वस्वी बांधणाऱ्याचा. नाखव्यांच्या प्रश्नाकडे मी पुढे येणार आहे. हे पुस्तक लिहावेसे वाटले ते खरे तर त्याच प्रश्नामुळे.

आधी एक शंका दूर करू. दोरा थेट लूरच्या कडीला घट्ट बांधला तर काय बिघडते? उत्तर दोऱ्याच्या जाडीत आहे. दोऱ्याची जाडी दुप्पट केली तर ताकद चौपट होते, पण ताठरपणा सोळापट होतो. जिताडा, तांबोशी, कोकर यांच्यासाठी लूरच्या पुढे जाड लीडर, म्हणजे मुख्य दोऱ्याच्या टोकाला जोडलेला दोऱ्याचा तुकडा, लावावाच लागतो, कारण त्यांचे खरखरीत तोंड आणि धारदार कल्ले बारीक दोरा टिकू देत नाहीत. हा जाड लीडर कडीला घट्ट आवळला की लूरच्या नाकात जणू काडी खोचली जाते. हलकी लूर त्या काडीला वळवू शकत नाही. ती डुलायची थांबते, कधी एका अंगाला कलंडते. तिथे पाच-सहा मिलिमीटरचा खुला फास ठेवला, की कडी त्या फासात बिजागरीसारखी फिरते आणि लीडरचा ताठरपणा लूरपर्यंत पोचत नाही. ज्याने पतंगाला कण्णी बांधली आहे त्याला हे लगेच पटेल. तोच कागद, तीच कामटी; कण्णी दोन बोटे इकडेतिकडे झाली की पतंग गोते खातो.

गळाने मासे धरण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा १२व्या शतकातला ग्रंथ मराठी वाचकाला बहुधा त्यातल्या खाद्यपदार्थांमुळे माहीत असतो. त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचा भाग आहे आणि त्यात माशांच्या जाती, त्यांची आमिषे आणि गळाने मासा धरण्याची रीत यांचा विचार आहे. इंग्लंडमध्ये आयझॅक वॉल्टनचे ‘द कम्प्लीट अँगलर’ १६५३ साली आले. भारतातल्या गोड्या पाण्यातल्या गळमासेमारीवर, विशेषतः महाशीरवर, एच. एस. थॉमस यांनी ‘द रॉड इन इंडिया’ १८७३ मध्ये लिहिले. आपल्या कोकणात मात्र ही विद्या पुस्तकात गेली नाही. ती ‘गरवायला’ जाणाऱ्यांच्या बोटांतच राहिली.

गाठींचा इतिहास हा खरे तर दोऱ्याचा इतिहास आहे. वॉल्टनच्या काळात घोड्याच्या शेपटीचे केस वळून दोरा करत. पुढे रेशमाच्या किड्यातून काढलेल्या तातीचे लीडर आले. ती तात आधी भिजवून मऊ केल्याशिवाय गाठच घेत नसे. केस आणि तात खरखरीत, त्यामुळे चार वेढ्यांची साधी गाठही धरून बसे. मग १९३०च्या दशकात ड्यू पाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स यांच्या संशोधनातून नायलॉन जन्माला आले, १९३८ मध्ये ते जाहीर झाले आणि लवकरच त्याचा एकपदरी दोरा गळाला लागला. नायलॉन गुळगुळीत, ताणले की लांबणारे, आणि गाठ मारली की पुन्हा सरळ व्हायला धडपडणारे. जुन्या गाठी त्यावर सरकू लागल्या. खलाशांच्या, विणकरांच्या, शल्यवैद्यांच्या हजारो गाठी एकत्र करणारा क्लिफर्ड ॲशली यांचा ‘द ॲशली बुक ऑफ नॉट्स’ हा महाग्रंथ १९४४चा, म्हणजे नेमका या उंबरठ्यावरचा. मासेमारांचा जुना खुला फास त्यात आहे. पण नायलॉनच्या युगाला लागणाऱ्या गाठींचा मोठा भाग त्यानंतर घडला.

दुसरा धक्का लूरकडून आला. फिनलंडच्या पायान्ने सरोवरावर मासेमारी करणाऱ्या लाउरी रापाला यांच्या लक्षात आले, की मोठे मासे थव्यातून जखमी, लडखडणारी मासोळीच नेमकी टिपतात. १९३६ मध्ये त्यांनी बुचाच्या लाकडातून तशी लडखडणारी लूर कोरली. वरून चॉकलेटच्या वेष्टनाचा चंदेरी कागद चढवला आणि फोटोच्या फिल्म वितळवून त्यांचा लेप दिला. ऑगस्ट १९६२ मध्ये अमेरिकेच्या ‘लाइफ’ मासिकाने या लूरवर लेख छापला. मुखपृष्ठावर नुकतीच निवर्तलेली मेरिलिन मन्रो होती, त्यामुळे तो अंक प्रचंड खपला आणि लूरला जगभरातून मागणी आली. या लूरचे सगळे सामर्थ्य तिच्या लडखडण्यात होते आणि घट्ट गाठ तेच हिरावून घेई. म्हणून रापालाच्या नावाने ओळखली जाणारी गाठ खुल्या फासाची आहे, हे ओघानेच आले.

या विषयाला शिस्त लावण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात लेफ्टी क्रे (१९२५–२०१८) या अमेरिकन मासेमाराकडे जाते. मार्क सोसिन यांच्यासह त्यांनी १९७२ मध्ये ‘प्रॅक्टिकल फिशिंग नॉट्स’ लिहिले. त्यांचा आग्रह साधा होता. गाठ चांगली की वाईट हे ती कोणी शिकवली यावरून ठरवू नये. एकाच दोऱ्याला दोन टोकांना दोन गाठी माराव्यात, ओढाव्यात, आणि कोणती आधी जाते ते पाहावे. याच सुमारास दोराही पुन्हा बदलत होता. जपानच्या कुरेहा कंपनीने १९७१ मध्ये फ्लोरोकार्बनचा दोरा आणला. १९९०च्या दशकात विणलेल्या पॉलिएथिलीनचा ब्रेड आला, बारीक, विलक्षण मजबूत आणि अतिशय निसरडा. तेव्हापासून रिळावर ब्रेड, पुढे मोनो (एकपदरी नायलॉन) किंवा फ्लोरोकार्बनचा लीडर आणि लीडरच्या टोकाला लूर, अशी तिपेडी रचना रुळली. खुल्या फासाची जागा या रचनेत अगदी शेवटी असते, माशाच्या दातांशी.

आज या गाठींची जी घराणी दिसतात ती ढोबळमानाने चार. पहिले घराणे पक्क्या खुल्या फासांचे. यात जुनी परफेक्शन लूप येते; नीटनेटकी, सरळ रेषेत बसणारी. होमर र्‍होड लूप येते. ती दोन साध्या गाठींची, मारायला सोपी, ताकदीने कमी, पण इतक्या जाड लीडरला वापरली जाते की तिथे ती उणीव खपून जाते. रापाला गाठ येते आणि क्रे यांनी लोकप्रिय केलेली न सरकणारी मोनो लूपही येते. दुसरे घराणे सरकत्या फासांचे. डंकन लूप किंवा युनी गाठ पूर्ण न आवळता थोडी उघडी ठेवायची. लूर त्या फासात मोकळी खेळते आणि मासा लागला की फास सरकून कडीवर घट्ट बसतो. तो बसताना धक्का थोडा सोसतो, हा गुण; दर माशानंतर फास पुन्हा मागे सरकवावा लागतो, हा दोष. तिसरे घराणे दुपदरी दोऱ्याचे. सर्जन्स लूप, स्पायडर हिच आणि बहामाजमधल्या बिमिनी बेटांचे नाव धारण करणारी बिमिनी ट्विस्ट. या गाठी लूरजवळ क्वचितच येतात. मोठ्या माशांच्या मासेमारीत मुख्य दोरा दुपदरी करून धक्का वाटून घेणे हे त्यांचे काम. चौथे घराणे गाठ न मारणाऱ्यांचे: स्प्लिट रिंग, स्नॅप, आणि सुरमईच्या दातांपुढे लागणारी पोलादी तार, जिचा फास पीळ देऊनच करतात. ज्या लूरच्या नाकात आधीच स्प्लिट रिंग आहे तिला खुला फास प्रत्येक वेळी लागतोच असे नाही. आपल्या घराण्याचा अभिमान धरून हे नाकारणारे आहेत; मी त्यांच्यात नाही.

यातली एक गाठ जवळून पाहू, म्हणजे बाकीच्यांकडे कसे पाहायचे ते कळेल. न सरकणाऱ्या मोनो लूपसाठी लीडरच्या टोकापासून वीतभर अंतरावर एक साधी गाठ सैलसर मारून ठेवायची. मोकळे टोक लूरच्या कडीतून ओवायचे आणि त्या सैल गाठीत परत आणायचे, ज्या बाजूने ते गाठीतून बाहेर पडले होते त्याच बाजूने. मग मुख्य दोऱ्याभोवती वेढे द्यायचे. क्रे यांचा हिशेब असा, की सहा ते आठ पौंडी बारीक दोऱ्याला ७ वेढे, आठ ते बारा पौंडीला ५, पंधरा ते चाळीस पौंडीला ४ आणि पन्नास-साठ पौंडीला ३. दोरा जाडावत जातो तसे वेढे कमी होतात, नाहीतर ते दाटीवाटीने एकमेकांवर चढतात आणि गाठ बसतच नाही. वेढे झाले की टोक पुन्हा त्याच बाजूने सैल गाठीतून काढायचे. आता घाई नाही. गाठ तोंडात धरून ओली करायची, आधी मोकळे टोक हळूच ओढून वेढे शेजारी शेजारी बसवायचे, मग एका हातात लूर आणि दुसऱ्यात मुख्य दोरा धरून एकसारखी ओढ द्यायची. नीट बसलेल्या गाठीचे वेढे मळसूत्रासारखे रांगेत दिसतात. एखादा वेढा दुसऱ्यावर चढलेला दिसला तर गाठ कापून टाकायची आणि पुन्हा मारायची. माझ्या मते या संपूर्ण विद्येतले सर्वात मोठे कौशल्य म्हणजे मारलेली गाठ कापून टाकण्याची तयारी.

ओले का करायचे? कोरडा नायलॉन आवळताना घर्षणाने तापतो, आणि उष्णतेने त्याची पृष्ठे मऊ पडून इजा होते. डोळ्यांना काही दिसत नाही, पण गाठ आतून भाजलेली असते. गाठ धरते ती याच घर्षणामुळे. दोऱ्याने दोऱ्याभोवती घेतलेल्या प्रत्येक वेढ्यागणिक पकड बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढते; बंदराच्या खुंटावर दोराचे दोन-तीन वेढे देऊन एक माणूस मोठी होडी थोपवतो ते याच नियमाने. २०२० मध्ये अमेरिकेच्या एमआयटीतल्या संशोधकांनी दाबानुसार रंग बदलणारे तंतू वापरून गाठींमधला ताण डोळ्यांनी पाहिला आणि ‘सायन्स’मध्ये तो अभ्यास मांडला. गाठीत दोरा किती ठिकाणी स्वतःला ओलांडतो, शेजारचे पदर एकमेकांविरुद्ध पिळले जातात की एकाच दिशेने, आणि ते कोणत्या दिशांना सरकू पाहतात, यावर गाठ धरणार की निसटणार हे अवलंबून असते, असे त्यातून दिसले. “त्याच बाजूने परत काढ” असे जुनी माणसे का बजावतात, त्याचे मर्म मला तिथे सापडले.

हे सारे आज सांगण्याची निकड का? पंधरा-वीस वर्षांपूर्वी लूर, ब्रेड, फ्लोरोकार्बन हे शब्द आपल्याकडे मोजक्यांना माहीत होते. आज मुंबईच्या खडकांवर, रायगडच्या खाड्यांत, सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर आणि धरणांच्या काठावर रॉड-रीळ घेतलेली तरुण मंडळी दिसतात. साधने घरपोच येतात, गाठ मात्र घरपोच येत नाही. ती मोबाइलच्या पडद्यावर अर्ध्या मिनिटात दिसते आणि पाण्यावर अंधारात, वाऱ्यात, ओल्या बोटांना जमत नाही. दुसरे, आपला जिताडा म्हणजे ऑस्ट्रेलियातला बारामंडी. तिथल्या कांदळवनांत त्याच्यासाठी खुल्या फासाच्या गाठी वर्षानुवर्षे वापरात आहेत. तो अनुभव आपल्या खाडीला जसाच्या तसा लागू पडतो, पण तो मराठीत आलेला नाही.

तिसरे कारण नाखव्यांच्या प्रश्नाचे. “त्याच्या तोंडात काय रायला?” जिताडा आयुष्याच्या पहिल्या भागात नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो. म्हणजे खाडीतला मोठा जिताडा बहुतेक मादीच, पुढच्या पिढीची अंडी देणारी. माझी गाठ सुटली तेव्हा माझा मासा गेला, हे नुकसान माझे. पण तोंडात लूरचे दोन तिनकाटे, म्हणजे तीन टोकांचे गळ, घेऊन जी गेली तिचे नुकसान मी केले. मासा खायला धरा किंवा धरून सोडा, तो हातात आला तर निर्णय आपला असतो. गाठ सुटली तर निर्णय आपल्या हातून जातो आणि शिक्षा माशाला होते. तुटलेला दोरा तर आणखी मागे उरतो. नायलॉन मांज्यात अडकलेल्या घारी आपण पाहिल्या आहेत. खाडीच्या काठी कांदळाच्या फांदीला लटकणारा लीडर त्याच जातीचा. मजबूत गाठ ही माशाशी आणि खाडीशी केलेल्या सचोटीची गोष्ट आहे, असे मी मानतो, आणि या पुस्तकाचे प्रत्येक पान त्या विश्वासाने लिहिले आहे.

म्हणून यात शंभर गाठी नाहीत. पक्क्या आणि सरकत्या फासांच्या मोजक्या गाठी आहेत आणि त्या प्रत्येकीला भरपूर जागा दिली आहे: ती कोणत्या जाडीच्या दोऱ्यावर चालते, कोणत्या लूरला शोभते, कुठे दगा देते, चुकली की कशी दिसते. फासाचा आकार किती असावा याचा विचार आहे, कारण मोठ्या फासात लूरचाच पुढचा तिनकाटा अडकून बसतो. घरच्या घरी सामान तोलायच्या हुकाच्या काट्याने गाठी तपासायची रीत आहे. आकडे तुमचे तुम्ही मिळवा, असा माझा आग्रह आहे. दुसऱ्याच्या दोऱ्यावरची टक्केवारी तुमच्या दोऱ्यावर खरी ठरेलच असे नाही. नावे जगात रूढ आहेत तीच ठेवली आहेत, पण कृती सांगताना वेढा, पीळ, फास, ओवणे, बसवणे हे आपले शब्द वापरले आहेत, कारण हाताला तेच लवकर समजतात.

वाचताना एक विनंती. आधी जाड सुतळी घ्या आणि एखाद्या किल्लीच्या कडीवर सराव करा. सुतळीवर गाठीचा आकार कळतो. मग नायलॉन घ्या, मग डोळे मिटून मारा, मग बोटे ओली करून मारा. एक गाठ अशी पक्की झाली की दुसरी शिका.

त्या संध्याकाळी नाखव्यांनी होडीतून नायलॉनचा तुकडा काढून मला एक गाठ मारून दाखवली. लूर त्यांनी कधी वापरली नव्हती आणि त्या गाठीचे नावही त्यांना माहीत नव्हते. फास दोन्ही हातांनी ताणून त्यांनी तो माझ्यापुढे धरला, पुन्हा पुन्हा हिसके दिले. तो जेवढा होता तेवढाच राहिला. मग तुकडा माझ्या हातात देत ते म्हणाले, “आता तू मार.” हे पुस्तक मी तुमच्या हातात देतो आहे ते त्याच शब्दांसह, आणि तो दोरा पुढच्या हाताकडे जावा या इच्छेने.